विश्रांतीनंतरचा पहिला शॉट: एका एअर रायफलच्या वेगमापनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावात दहा मीटरची छोटी रेंज आहे. तिथे चार लेन आहेत, त्यांपैकी एकीवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट आहे आणि बाकीच्यांवर अजून कागदच लावतात. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक जिंकल्यानंतर अशा रेंजवर नाव नोंदवणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली, आणि त्याबरोबर जुन्या मॅच रायफलींच्या खरेदी-विक्रीलाही जोर आला. नव्या रायफलची किंमत अनेक घरांच्या आवाक्याबाहेर असल्यामुळे दुसऱ्या हातून तिसऱ्या हाती गेलेली रायफल घेणे ही इथली नेहमीची रीत आहे.

या प्रकरणातली रायफल अशीच आली. ती ४.५ मिलिमीटर नळीची, सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणारी परदेशी बनावटीची मॅच रायफल होती. घेणारे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून वापरणारी मुलगी सोळा वर्षांची आहे. घेताना सिलिंडरवरची तारीख तपासली होती, आणि दहा वर्षांच्या मुदतीतली तीन वर्षे बाकी असल्याची खात्रीही केली होती. सोबत कंपनीचे मूळ चाचणीपत्र मात्र नव्हते, त्यामुळे ही रायफल कारखान्यातून निघताना कोणत्या वेगाला लावलेली होती हे कळायला मार्ग नव्हता. त्या वेळी ही गोष्ट कोणालाच महत्त्वाची वाटली नाही.

प्रस्तुत लेखक त्या रेंजची तांत्रिक बाजू सांभाळतो, आणि खाली नोंदवलेल्या चुकांपैकी निदान दोन त्याच्याच आहेत.

अडचण

साठ शॉटच्या सामन्यात मुलीची बेरीज ५९८ ते ६०३ च्या दरम्यान अडकली होती. गट एकूण चांगला पडत असे, पण प्रत्येक सामन्यात पाच-सहा शॉट बरोबर बाराच्या दिशेला, म्हणजे सरळ वर जात आणि ९.७, ९.८ असे गुण देत. प्रशिक्षकांनी आधी श्वासावर काम करून घेतले, मग ट्रिगरवर, मग खांद्याच्या टेकणीवर. मुलीचे म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच होते, "सर, शॉट सुटताना बरोबर होता." नवखे नेमबाज हे वाक्य इतक्या वेळा म्हणतात की ते ऐकून सोडून द्यायची सवय लागते, आणि इथेही ते सोडून दिले गेले. जिल्हा पातळीवरची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली तेव्हा वडिलांनीच सुचवले की रायफलचा वेग एकदा मोजून बघावा. शेजारच्या शहरातल्या एका नेमबाजाकडून दोन दिवसांसाठी क्रोनोग्राफ मागून आणला.

क्रोनोग्राफचे काम सोपे आहे. त्यात एकामागे एक असे दोन प्रकाशसंवेदक असतात. छर्रा पहिल्यावरून गेला की त्याच्या सावलीने घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्यावरून गेला की थांबते. आमच्या यंत्रात दोन्ही संवेदकांमधले अंतर ३० सेंटिमीटर होते. छर्ऱ्याचा वेग सेकंदाला १७२ मीटर असेल तर हे अंतर तो १.७४ मिलिसेकंदांत कापतो. सगळे उत्तर एवढ्याशा वेळात दडलेले असल्यामुळे घड्याळ अर्धा-पाऊण मिलिसेकंद जरी चुकले तरी आकडा कुठल्या कुठे जातो.

पहिली संध्याकाळ

यंत्र रेंजवरच, ट्यूबलाइट आणि एलईडी पट्ट्यांच्या उजेडात, नळीच्या तोंडापासून हातभर अंतरावर मांडले. पहिले वाचन १७२ आले, दुसरे १७३. तिसरे आले ३४१. मग एकदा नुसते 'एरर', पुढे १२९, पुन्हा १७२.

वडिलांनी ३४१ चा आकडा वहीत उतरवून तिथेच हिशेब केला. ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा अर्धा गुणिले वेगाचा वर्ग. छर्रा ०.५३ ग्रॅमचा धरला तर ३४१ मीटर वेगाला ऊर्जा येते ३०.८ ज्यूल. शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या हवाई शस्त्राची नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी आहे किंवा ज्याची नळीच्या तोंडाशी मोजलेली ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त आहे, त्याला परवाना लागतो. गुरुजी माणूस कायद्याला जपणारा. त्यांचा चेहरा उतरला. "सर, ही घरात ठेवलेली चालते का मग?" असे त्यांनी विचारले, तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, "गुरुजी, आधी यंत्र खरं बोलतंय का ते बघूया की." हे बोलणे त्या संध्याकाळी कोणी ऐकले असते तर पुढचा निम्मा गोंधळ टळला असता.

ऐकले नाही. रायफल विकणाऱ्याच्या ओळखीतल्या एका कारागिराला फोन लावला. त्याने आकडा ऐकताच सांगितले की वेग वाढलेला दिसतो, वेगाचा स्क्रू पाव फेरा सैल करा. लेखकाने तो केला, आणि करण्याआधी स्क्रू कुठे होता याची खूण केली नाही. त्यानंतरचे वाचन ३३८ आले, पुढचे १६४, मग परत 'एरर'. इथे प्रशिक्षकांनी रायफल काढून पेटीत ठेवली.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी चौघे जण चहाला बसलो तेव्हा पाच वाटा मांडल्या गेल्या. पहिली, रायफल कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे पाठवायची, पण त्याला महिना-सव्वा महिना लागणार आणि स्पर्धा हातची जाणार. दुसरी, छर्ऱ्यांचा डबा बदलून बघायचा. तिसरी, कारागिराच्या सांगण्याप्रमाणे स्क्रू फिरवत राहायचे. चौथी, रायफलचा विचार सोडून मुलीच्या तंत्रावरच काम चालू ठेवायचे. पाचवी वाट सगळ्यात कंटाळवाणी होती. आधी यंत्राची परीक्षा घ्यायची आणि त्यानंतरच रायफलची.

पाचवी वाट निवडली गेली त्यामागे शहाणपणापेक्षा गणिताचा धक्का जास्त होता. दहा मीटरच्या मॅच रायफली साधारण १७० च्या आसपास वेगाला लावलेल्या असतात आणि त्यांची ऊर्जा साडेसात-आठ ज्यूल असते. जर्मनीत तर ७.५ ज्यूलची मर्यादा पाळणाऱ्या रायफलींवर पंचकोनात 'एफ' अक्षराची मोहोर असते. अशा रायफलने एका शॉटला ७.८ ज्यूल आणि लगेच पुढच्याला चौपट ऊर्जा द्यावी हे यंत्रशास्त्रात बसत नाही. एवढी हवा तिच्या कक्षात मावतच नाही. मोजमापात असा आकडा आला की वस्तूपेक्षा मोजणाऱ्यावर आधी संशय घ्यावा, हे खरे तर पहिल्या संध्याकाळीच सुचायला हवे होते.

यंत्राची परीक्षा

पहिली तपासणी फोनवर झाली. एक मोबाइल नळीचे तोंड आणि टार्गेट यांच्या बरोबर मध्ये, उडण्याच्या रेषेपासून बाजूला, दोन्हीपासून सारख्या अंतरावर ठेवला आणि आवाज ध्वनिमुद्रित केला. फोन मध्यावर असल्यामुळे शॉट सुटल्याचा आणि छर्रा आदळल्याचा आवाज त्याच्यापर्यंत यायला सारखाच वेळ घेतो, त्यामुळे दोन आवाजांमधले अंतर म्हणजे थेट छर्ऱ्याचा प्रवासकाळ. आवाजाचा आलेख पडद्यावर ताणून पाहिला तर दोन टोकांमध्ये ६३ मिलिसेकंद भरले. दहा मीटर भागिले ०.०६३ सेकंद म्हणजे सरासरी १५९. हवेच्या अडथळ्याने छर्रा वाटेत मंदावतो, त्यामुळे नळीच्या तोंडाशी वेग याहून थोडा जास्त असणार, पण ३३८ नक्कीच नाही. गुरुजींनी हा हिशेब दोनदा स्वतः करून पाहिला आणि वहीतल्या ३०.८ वर आडवी रेघ मारली.

मग दोष यंत्रात कुठे होता? तो उजेडात होता. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे तिच्यावर चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, संवेदकाला कळते. छर्रा पहिल्या संवेदकावरून गेल्यावर दुसऱ्यावरचा उजेड नेमका त्याच क्षणी खाली आला तर यंत्र ती सावली समजून घड्याळ वेळेआधी थांबवते. १.७४ ऐवजी ०.८८ मिलिसेकंदांत थांबले की ३४१ हा आकडा तयार होतो. दुसरी चूक मांडणीची होती. हातभर अंतरावर छर्ऱ्याबरोबर सुटणारा हवेचा झोतही संवेदकाला फसवू शकतो.

म्हणून यंत्र रेंजच्या मागच्या व्हरांड्यात नेले. आषाढातले ढगाळ आभाळ म्हणजे क्रोनोग्राफसाठी उत्तम दिवा, एकसारखा आणि न लुकलुकणारा. नळीच्या तोंडापासून पहिल्या संवेदकापर्यंत मीटरभर अंतर ठेवले, मध्ये भोक पाडलेला प्लायवूडचा तुकडा हवा अडवायला उभा केला, मागे विटांची भिंत आणि छर्रे झेलणारी पेटी ठेवली. सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे होते आणि व्हरांड्याचे दार आतून लावलेले होते. रायफल वाळूच्या पिशव्यांवर अशी टेकवली की छर्रा दोन्ही संवेदकांवरून समांतर जाईल, कारण रेषा पाच अंशांनी जरी तिरपी झाली तरी वेग जवळजवळ अर्धा टक्का कमी दिसतो. सरीवर सर येत होती, प्रत्येक सरीला काम थांबवावे लागे. पण आलेले आकडे पहिल्यांदाच एकमेकांशी भांडत नव्हते. दहा शॉटमध्ये सगळ्यात कमी १६५.४ आणि सगळ्यात जास्त १६६.७. फोनवरच्या १५९ च्या सरासरीशी ते जुळतही होते.

छर्ऱ्यांचे वजन करायला वीस छर्रे बाजारपेठेतल्या सोनाराकडे नेले. त्याच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वाचता येते. सोनाराने छर्रा चिमट्यात धरून उलटसुलट पाहिला आणि "शिसं का हो हे?" असे काहीसे निराश होऊन विचारले. सगळे छर्रे ०.५२८ ते ०.५३४ ग्रॅममध्ये बसले, म्हणजे डब्यावरचे ०.५३ बरोबर होते आणि छर्रे बदलण्याचा पर्याय तिथेच निकालात निघाला. वजन तपासणे गरजेचे होते, पण वेगाइतके नाजूक नव्हते. वजनात एक टक्का चूक झाली तर ऊर्जेत एक टक्काच चूक येते. वेगातली एक टक्का चूक मात्र वर्गामुळे ऊर्जेत दोन टक्के होऊन बसते.

रायफलची परीक्षा

व्हरांड्यात आलेला १६६ हा आकडा स्क्रू फिरवल्यानंतरचा होता. आधीचा वेग किती हे सांगणारा पुरावा म्हणजे पहिल्या संध्याकाळच्या कचऱ्यातली १७२ आणि १७३ ही तीन वाचने, एवढाच. त्यांच्या आधाराने स्क्रू परत आत घेत वेग १७२ वर आणला आणि या वेळी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारून ठेवली. तो मूळच्याच जागी आला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि त्यामुळे मुलीच्या जुन्या सामन्यांची नव्या मोजणीशी थेट तुलना करण्याची सोय कायमची गेली.

यानंतर प्रशिक्षकांनी कळीचा प्रश्न विचारला. वर जाणारे शॉट सामन्यात केव्हा येतात? मुलगी म्हणाली, "मी बसून उठले की." साठ शॉटला ७५ मिनिटे मिळतात, म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. ती दहा-बारा शॉटनंतर खुर्चीत बसून पाच-सात मिनिटे थांबायची. प्रशिक्षकांनी तोवर याचा अर्थ असा लावला होता की उठल्यावर शरीराची मूळ बैठक हलते. तो अर्थ चुकीचाच होता असे नाही. अनेकांच्या बाबतीत तसे घडतेही.

पण आता मोजता येत होते. पाऊण मिनिटाच्या अंतराने दहा शॉट घेतले तर वेग १७१.३ ते १७२.९ या पट्ट्यात राहिला. दोन मिनिटे थांबून घेतलेला शॉट १७३.६ आला. पाच मिनिटांनंतरचा १७७.२, दहा मिनिटांनंतरचा १८०.१. आणि प्रत्येक वेळी लगेच पुढचा शॉट परत १७२ च्या घरात. एका फेरीवर विसंबायचे नाही असे ठरले होते, म्हणून सिलिंडरमध्ये १८०, १४० आणि १०० बार दाब असताना हीच फेरी पुन्हा केली. तिन्ही वेळा तोच नमुना दिसला. मग क्लबची स्वतःची रायफल त्याच व्हरांड्यात, त्याच यंत्रासमोर, तेवढ्याच विश्रांत्या घेऊन तपासली. ती दहा मिनिटांनंतरही १६९.८ ते १७१.० च्या बाहेर गेली नाही. ही शेवटची फेरी केली नसती तर थांबल्यावर वाढणारा वेग ही रायफलची खोड की यंत्राची, हा वाद मिटला नसता.

हा दोष रेग्युलेटरचा होता. सिलिंडरमधला दाब भरल्यावर २०० बारपर्यंत असतो आणि तो शॉटगणिक उतरत जातो. रेग्युलेटर त्यातून हवा घेऊन पुढच्या छोट्या कक्षात ठरावीक, बराच कमी दाब राखतो, म्हणून सगळे शॉट सारखे सुटतात. त्याच्या आतली बैठक झिजली किंवा तिच्यावर धुळीचा कण अडकला तर झडप पूर्ण बसत नाही आणि जास्त दाबाची हवा कक्षात मुंगीच्या पावलाने झिरपत राहते. सतत शॉट चालू असतील तर ती झिरप कळत नाही. दहा मिनिटे रायफल ठेवली की साचलेला दाब पहिल्याच शॉटला बाहेर पडतो.

टार्गेटवर याचा परिणाम किती? हवेचा अडथळा सोडून दिला तरी १७२ वेगाचा छर्रा दहा मीटरमध्ये १६.६ मिलिमीटर खाली येतो आणि १८० वेगाचा १५.१. फरक दीड मिलिमीटरचा. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दशांश गुणांकनात दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण जातो. दीड मिलिमीटर म्हणजे सहा दशांश. जो शॉट १०.४ व्हायचा तो वर सरकून ९.८ होतो. सेकंदाला एखाद-दुसऱ्या मीटरचा नेहमीचा चढउतार मात्र दशांशभर फरक पाडतो, आणि त्याच्यामागे धावण्यात अर्थ नसतो.

निर्णय

स्पर्धेला तेव्हा पंधरा दिवस उरले होते. एक सूचना अशी आली की विश्रांतीनंतर छर्रा न घालता एकदा नुसती हवा सोडावी आणि मग मोजणीचा शॉट घ्यावा. सरावात हे चालते. सामना सुरू झाल्यावर मात्र छर्ऱ्याविना हवा सोडली तर तो शॉट शून्य धरला जातो, म्हणून ही वाट बंद होती. विश्रांतीच न घेण्याचा उपाय मुलीने दोन दिवस करून पाहिला आणि चाळिसाव्या शॉटनंतर तिचे हात थरथरू लागले.

रेग्युलेटर इथेच उघडून बघण्याचा मोह लेखकाला झाला होता, हे मान्य केले पाहिजे. ऑनलाइन चित्रफिती पाहून तो सोपा वाटतो. प्रशिक्षकांनी साफ नकार दिला. २०० बार दाबाशी जोडलेला भाग योग्य हत्यारे आणि योग्य सुटा भाग नसताना उघडायचा नाही, एवढेच त्यांचे कारण होते आणि ते पुरेसे होते. रायफल अधिकृत केंद्राकडे पाठवली, सोबत वेगांचा तक्ता जोडला, आणि स्पर्धेसाठी मुलीने क्लबची रायफल घेतली. खांद्याची टेकण आणि गालपट्टी तिच्या मापाला लावण्यात चार दिवस गेले.

परिणाम

उसन्या रायफलवर तिने ६०४.८ गुण केले. आपली रायफल पाच आठवड्यांनी परत आली. केंद्राने बैठक आणि दोन रबरी कड्या बदलल्या होत्या. तोच क्रोनोग्राफ पुन्हा मागून आणून त्याच व्हरांड्यात मोजले, तेव्हा पंधरा मिनिटांच्या विश्रांतीनंतरही वेग १७१ ते १७३ च्या बाहेर गेला नाही. ऊर्जा ७.८ ज्यूल भरली, म्हणजे २० ज्यूलच्या मर्यादेच्या निम्मीही नाही. पुढच्या स्पर्धेत बेरीज ६११.३ झाली. त्यातले किती गुण रेग्युलेटरचे आणि किती मधल्या दीड महिन्याच्या सरावाचे, हे वेगळे काढता येत नाही. बाराच्या दिशेचा शॉट मात्र त्या सामन्यात एकच होता, आणि तो आपण स्वतः ओढला असे तिनेच सांगितले.

एक मर्यादा नोंदवायला हवी. मागून आणलेल्या यंत्राची अचूकता एक टक्क्याच्या आसपास धरली तर रायफलचा खरा वेग १७२ की १७३.५ हे आजही ठामपणे सांगता येणार नाही. एकाच मांडणीत, एकाच दिवशी, दोन शॉटमध्ये आठ मीटरचा फरक पडतो, हे मात्र ठामपणे सांगता येते, आणि निदानासाठी तेवढेच लागत होते. मर्यादेच्या अगदी काठावर असलेल्या एखाद्या रायफलच्या परवान्याचा प्रश्न असता तर असल्या मांडणीवर विसंबता आले नसते.

वेगळे काय करता आले असते

क्रोनोग्राफ आणण्याआधी एक फुकटचे साधन हाताशी होते आणि ते कोणी उघडले नाही. इलेक्ट्रॉनिक टार्गेटची यंत्रणा प्रत्येक शॉटची वेळ नोंदवते. नंतर मागच्या चार सामन्यांच्या नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा वर गेलेल्या तेवीस शॉटपैकी एकोणीस शॉट चार मिनिटांहून मोठ्या खंडानंतरचे निघाले. गुणांची यादी सगळ्यांनी पाहिली होती, शेजारचा वेळेचा रकाना कोणी पाहिला नव्हता. तो पाहिला असता तर पहिल्या संध्याकाळी नेमके काय मोजायचे आहे हे माहीत असते. तेव्हा आम्ही 'वेग मोजायचा' एवढेच ठरवून गेलो होतो, आणि भराभर घेतलेल्या दहा शॉटमध्ये हा दोष दिसलाच नसता. उजेड चांगला असता तर दहाही वाचने सुंदर आली असती, रायफल निर्दोष ठरली असती आणि मुलीला पुन्हा श्वासाचे धडे मिळाले असते. त्या अर्थी ३४१ च्या खोट्या आकड्याने उपकारच केले.

दुसरी गोष्ट क्रमाची. ओळखीच्या, निर्दोष रायफलने सुरुवात केली असती तर यंत्राची गडबड पाच मिनिटांत कळली असती, कारण क्लबच्या रायफलवरही ३४१ आला असता. आम्ही ती रायफल सगळ्यात शेवटी आणली.

तिसरी गोष्ट मुलीच्या म्हणण्याची. प्रशिक्षकांनी याबद्दल तिच्याशी स्वतंत्र बोलणे केले, त्याचा तपशील इथे देण्याचे कारण नाही. आता रेंजच्या वहीत प्रत्येक सरावाच्या नोंदीत, टार्गेट पाहण्याआधी भरायचा एक रकाना आहे, 'सुटताना कसा वाटला'. प्रत्येक रायफलच्या पानावर स्क्रूच्या खुणेचे चित्र, छर्ऱ्याचे वजन, उजेड कसला होता, आणि पाऊण, पाच व दहा मिनिटांनंतरचा वेग लिहिलेला असतो. गुरुजींच्या घरच्या रायफलचे पान मुलीच्या अक्षरात आहे, आणि त्यातली वडिलांच्या हातची ३०.८ वरची आडवी रेघ तिने खोडू दिलेली नाही.